मंजुळाचा ठेका

देवपुरातल्या मुलींच्या शाळेत लता बैसाणे अठ्ठावीस वर्षं पीटी शिकवत होत्या. पंच्याण्णव सालचा हिवाळा लागला, तोवर त्यांचे गुडघे निवृत्त होऊन गेले होते. त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीला मात्र अजून दोन वर्षं होती. पहिल्या तासाला त्या शिट्टी वाजवायच्या, मुलींना मैदानाला चार फेऱ्या मारायला लावायच्या आणि खुर्ची ओढून बसायच्या. रिलेत शाळेचा नंबर आला होता त्याला अकरा वर्षं झाली होती. त्यावरून कोणी बोलत नव्हतं, आणि त्यांनाही आता त्याचं काही वाटत नव्हतं.

नोव्हेंबरअखेरीस मुख्याध्यापक सुकदेव सरांनी त्यांना बोलावलं.

"नऊ डिसेंबरला पोलिओचे डोस आहेत. आपल्या शाळेत बूथ. नदीकाठच्या वस्तीतली सगळी लहान मुलं आपल्याकडे येणार. आणि फिलिपिन्सहून एक नर्सबाई आल्यात, लसीकरणाच्या कामावर. पाच दिवस शाळेत येतील. त्यांच्याबरोबर मुलींचं काहीतरी बसवा."

"काय बसवू?"

"ते त्यांनाच विचारा," सर म्हणाले आणि फाईल उघडली.

नर्सबाईंचं नाव लिगाया. चाळिशीची, बुटकी, पायात कॅनव्हासचे बूट. मोडकंतोडकं हिंदी आणि भरपूर हातवारे, यांवर तिचं भागत होतं. पहिल्याच दिवशी ती मैदानाच्या कडेला उभी राहिली आणि पळणाऱ्या मुली सोडून तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे नववीतली मंजुळा बसली होती, पुढ्यात पन्नास मुलींच्या चपला आणि डबे.

"ये क्यूं नहीं?"

"पोलिओ," लताबाई म्हणाल्या. मंजुळाचा डावा पाय मांडीपासून वाळलेला होता, ती गुडघ्यावर हात दाबून चालायची. पाचवीपासून पीटीच्या तासाला ती चपला राखत होती. तिला तिथे लताबाईंनीच बसवलं होतं, दया म्हणून. लिगाया चपलांच्या ढिगाकडे बघत राहिली, आणि ते लताबाईंना लागलं.

दुसऱ्या दिवशी लिगायाने बुरूड आळीतून दोन लांब बांबू आणवले. ते विटांवर आडवे ठेवले. एका टोकाला मंजुळाला बसवलं, दुसऱ्या टोकाला ती स्वतः बसली. टेपरेकॉर्डरमध्ये तिने तिच्या गावाकडची कॅसेट घातली, तारांच्या वाद्यांचा घोळका एकदम वाजू लागला. दोनदा बांबू विटांवर आपटायचे, तिसऱ्यांदा एकमेकांवर. ठक, ठक, खट. नाचणारीने त्यांच्यामध्ये पाय टाकायचा आणि खट व्हायच्या आत काढायचा. भातखाचरात लावलेले सापळे चुकवत पाणपक्षी चालतात, तसं हे नाचणं, असं तिने हातांनी पक्षी करून दाखवलं.

मुलींना वेड लागलं. आणि मंजुळाचा हात बसला. दोन दिवसांत तिचा ठेका असा पक्का झाला की लिगाया उठली आणि दुसरं टोक तिने दुसऱ्या एका मुलीला दिलं.

चौथ्या दिवशी मंजुळाच्याच वर्गातली सुरेखा नाचत असताना मंजुळाने मध्येच ठेका वाढवला. बांबू सुरेखाच्या घोट्यावर बसले. ती किंचाळली.

लताबाई खुर्चीवरून उठल्या. "मुद्दाम केलंस तू."

"हो बाई."

"का?"

"पाच वर्षं हिच्या चपला राखल्या. एकदा थँक यू म्हणाली नाही."

लताबाई रागवायला गेल्या, मग सुरेखाकडे वळल्या. त्यांनी सुरेखाच्या पायाला पाणी लावलं आणि तास सोडून दिला.

त्याच संध्याकाळी मंजुळाची आई, द्रौपदाबाई, फाटकाशी आली. ती पांझरा नदीकाठच्या वस्तीतच राहायची आणि भाजी विकायची. टोपली डोक्यावर तशीच होती.

"बाई, मन्ही पोरले नाचाले लावतस का तुम्ही? तिना पाय असा शे. लोक हासतीन."

"ती नाचत नाही. नाचवते," लताबाई म्हणाल्या.

द्रौपदाबाईने डोक्यावरची टोपली सारखी केली आणि ती गेली.

पाचव्या दिवशी लिगाया जामनेरकडे पुढच्या कामाला निघून गेली. कॅसेट शाळेला देऊन गेली. शाळेच्या टेपने ती दुसऱ्याच दिवशी गुंडाळून खाल्ली. मग मुलींनी आखाजीची, म्हणजे अक्षय्यतृतीयेची, झोक्यावरची गाणी त्या ठेक्यावर बसवायला घेतली. चाल बसेना, मग कशीबशी बसली.

शाळेत एक कॉम्प्युटर होता, भंवरलाल नावाच्या शेठजींनी देणगी दिलेला. आठवीच्या मुलींनी त्यावर चौकोन जोडून जोडून पोस्टर काढलं: एक बाळ आणि शेजारी मोठी सुई. कर्कश आवाज करत प्रिंटरमधून चाळीस कागद निघाले आणि वस्तीभर चिकटवले गेले. डोस म्हणजे तोंडात दोन थेंब टाकायचे होते, सुई कुठेच नव्हती. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. लताबाईंच्याही नाही. त्यांनी पोस्टर पाहिलं होतं आणि छान म्हटलं होतं.

नऊ तारखेला सकाळी बूथ लागला. टेबल, बर्फाची पेटी, दोन परिचारिका. अकरा वाजेपर्यंत सात मुलं आली. लताबाई दारात उभं राहून राहून दमल्या. तेवढ्यात द्रौपदाबाई मंजुळाचा डबा घेऊन आली.

"कोणीच का येत नाही हो?" लताबाईंनी विचारलं.

"त्या कागदवर सुई शे ना बाई. कोन येई?"

लताबाईंनी डोळे मिटले. क्षणभर त्यांना वाटलं, घरी जावं, झोपावं. मग त्यांनी मुलींना बांबू उचलायला सांगितलं आणि एका परिचारिकेला पेटी घेऊन सोबत चलायला सांगितलं. सगळ्या जणी वस्तीत गेल्या. हापशाजवळच्या मोकळ्या जागेत मंजुळा बसली आणि ठेका सुरू झाला.

पोरं धावत आली, पोरांमागून बाया आल्या. नाच बघायला गर्दी झाली, पण कडेवरची लेकरं कोणी पुढे करेना. परिचारिका सांगून थकली की हे थेंब आहेत, सुई नाही. एक म्हातारी म्हणाली, आधी थेंब दाखवतात, मग सुई काढतात.

तेव्हा द्रौपदाबाई पुढे झाली. तिने मंजुळाकडे पाहिलं नाही.

"तुम्ही हिना पाय देखतस ना? देवनी करनी नही ती. मी करेल शे. गावमा डोसवाली बाई उनी व्हती. सुई लावशे म्हनीसन मी पोरले लिसन वावरमा दपी बठनू. बाई गयी, मंग मी घर उनू. मी हुशार व्हतू ना!"

ठेका थांबला. सुरेखाचा एक पाय बांबूंच्या मध्ये तसाच राहिला. मंजुळा आईकडे बघत होती. आजवर तिने एवढंच ऐकलं होतं की ताप आला आणि पाय गेला. शेताचं, लपण्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्या म्हातारीच्या सुनेने कडेवरचं पोर पुढे केलं. नंतर दुसरीने. परिचारिकेचे हात चालू लागले. एका पोराने थेंब थुंकले, त्याला पुन्हा दिले. चार वाजेपर्यंत एकोणसाठ मुलं झाली. दोन घरांनी दार उघडलंच नाही, शेवटपर्यंत.

मंजुळाने पुन्हा बांबू हातात घेतले नाहीत. ती हापशाच्या कट्ट्यावर बसून राहिली. लताबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"तुला कधी विचारलंच नाही मी, तुला काय करायचंय म्हणून. सरळ चपलांपाशी बसवलं."

मंजुळाने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

सगळे पांगल्यावर द्रौपदाबाई रिकामा डबा घेऊन आली आणि चार हात लांब उभी राहिली. जवळ यायची तिची हिंमत होत नव्हती.

"कितला येळ बठेल व्हतीस वावरमा?" मंजुळाने विचारलं.

"दिन बुडस तवलगून."

"आनि ताप?"

"दुसरा पावसायामा."

मंजुळा गुडघ्यावर हात दाबून उठली. आईच्या पदराला सकाळपासूनची कोथिंबिरीची काडी चिकटली होती. तिने ती काढून टाकली.

"माले भूक लागनी," ती म्हणाली.

दोघी घराकडे निघाल्या, सावकाश, मंजुळाच्या चालीने. लताबाई कट्ट्यावर तशाच बसल्या होत्या. बांबू शाळेत न्यायला मुली थांबल्या होत्या, पण बाईंना अजून उठवत नव्हतं.