अकरावं प्रकरण

अहल्याबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि अर्धवट पान बाजूला सारलं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लक्ष्मीकांतरावांनी कादंबरी लिहायची आणि बाईंनी तिची मुद्रणप्रत करायची, स्वल्पविरामालाही धक्का न लावता, हा दांडिया बाजारातल्या त्या घराचा शिरस्ता होता.

"अहो, इथं दार साहेबांनी उघडलंय."

"हो."

"आराखड्यात असं नव्हतं."

आराखडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. त्यात कामावरून कमी केलेला कामगार साहेबाच्या दारातून परत जातो आणि जीव देतो. लिहिलेल्या पानांत मात्र साहेब त्याला आत घेत होता, चहा पाजत होता, यादीतून त्याचं नाव काढत होता. पुढं तो मुलीचं लग्न लावून चांगला म्हातारा होणार होता.

"पात्रं आपलं कुठं ऐकतात?" लक्ष्मीकांतराव हसले. "हा मरायला तयारच होईना." हे वाक्य त्यांनी बहुधा प्रकाशन समारंभासाठी राखून ठेवलं असावं.

"मानसिंगराव झाला ना तयार," बाई म्हणाल्या.

लक्ष्मीकांतराव हसायचे थांबले. सावली गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते अधिकारी होते. तीन वर्षांपूर्वी तिथं नवी यंत्रं आली आणि कपातीची, कामगारांच्या भाषेत छटणीची, यादी त्यांनीच केली. यादीतला मानसिंगराव एका मंगळवारी घरी आला होता. आतल्या खोलीतून नवऱ्यानं नुसता हात हलवला आणि दारात उभ्या बाई खोटं बोलल्या. शुक्रवारी मानसिंगराव विहिरीत सापडला.

"दारापर्यंतचं खरं मी लिहिते," त्या म्हणाल्या. "आत बसून तुम्ही काय करत होतात, ते मला दिसलं नाही. तेवढं सांगा."

लक्ष्मीकांतराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग उठले, खालच्या खणातून एक जुनी वही काढली, पान उघडून बाईंपुढं ठेवलं आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

वर तारीख होती : मंगळवार, १४ मार्च १९९५. खाली मानसिंगरावाचं बोलणं, जसंच्या तसं. 'छटणीचं बोलायचं होतं, वहिनी. पाचच मिनिटं.' मग बाईंचं स्वतःचं वाक्य, 'ते बाहेरगावी गेलेत.' त्यावर पुन्हा त्याचं, 'वांधो नाही, मी ओट्यावर बसतो.' आणि तळाशी, अधोरेखित : 'उत्तम प्रसंग. अकरावं प्रकरण. इथून परत जातो आणि जीव देतो.'

बाईंनी तारीख पुन्हा एकदा वाचली. शुक्रवार अजून तीन दिवस पुढं होता.

"मंगळवारी तर तो ओट्यावर बसला होता," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीपर्यंत."

बाईंनी कोरे कागद नीट जुळवले, त्यांच्यावर पेन ठेवलं आणि ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवले.

"हे प्रकरण तुमच्याच अक्षरात जाऊ दे."