मागची खोली

धाकट्याचे पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मी उत्तर दिले नव्हते. पत्र चारच ओळींचे होते. गोठ्यामागची त्याची खोली उद्यानवाल्यांना प्रदर्शनासाठी हवी होती, ती आता सोडावी लागणार. तुला अडचण नसेल तर काही दिवस तुझ्याकडे येऊ का? फोनवर आम्हा दोघांनाही बोलता येत नाही. ‘बरं’ आणि ‘हं’ झाले की दोन्हीकडे शांतता पसरते, म्हणून आमचे पत्रांवरच चालते.

अडचण काहीच नव्हती. अडचण म्हणजे मीच. सारे आयुष्य ग्रंथालयात गेलेले, एकटे राहायची सवय जडलेली, जेवतानासुद्धा एका हातात पुस्तक. जन्मभर मोकळ्यावर, जनावरांत राहिलेल्या भावाला मी कसली सोबत देणार? मागच्या खोलीत तर पाय ठेवायला जागा नव्हती. उत्तर लिहायला बसलो की पहिल्याच वाक्याला अडायचो. ‘अवश्य ये’ कोरडे वाटे, ‘ये रे’ नाटकी. शेवटी समोरासमोर सांगावे असे ठरवले आणि एका सकाळी बस धरली.

नदीकाठचे ते उद्यान म्हणजे एक जुने शेत, होते तसे जपलेले. दगडी गोठा, पाणचक्की, लाकडी नांगर आणि कधीच धूर न निघणारे एक स्वयंपाकघर. धाकटा तिथे कित्येक वर्षे गाई सांभाळतो आणि पाहुण्यांना हाताने दूध काढून दाखवतो. स्वतःच्या मालकीची एक कुंडीसुद्धा नसलेल्या या माणसाला तिथे सगळे शेतकरीकाका म्हणतात.

मी पोचलो तेव्हा तो तिवईवर बसून धार काढत होता आणि भोवती मुलांचा घोळका होता. मी मागे उभा राहिलो.

“काका, तुम्ही खरे आहात का?” एका मुलीने विचारले.

“तुला काय वाटतं?”

“आतल्या घरातली आजी पुतळा आहे.”

“मग तिचं बरं आहे. तिला पहाटे उठावं लागत नाही.”

मुले हसली. मग त्याचे लक्ष माझ्याकडे गेले. “अरे, दादा? तिकीट काढलंस की काय?”

“काढलं.”

“वेडाच आहेस. माझं नाव सांगायचं नाही का?”

“गर्दी होती,” मी म्हणालो. खरे तर तिकीट देणाऱ्या मुलीला काय सांगावे तेच मला सुचले नव्हते.

तेवढ्यात उद्यानाच्या व्यवस्थापक बाई आल्या. “तुम्हीच दादा ना? फार बरं केलंत हो. काकांचं कसं होणार म्हणून आम्हाला घोर लागला होता. तुमचं पत्र आल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.”

“माझं पत्र?”

“हो ना. मागच्या खोलीतली पुस्तकं हलवतोय, खाट उजेडाला लावतोय, काही दिवस खुशाल येऊन राहा. आम्हाला तोंडपाठ झालंय ते.”

धाकटा बादलीचा काठ पुसत होता. पुसलेलाच काठ पुन्हा पुसत होता. वर बघत नव्हता.

“हो,” मी म्हणालो, “लिहिलं होतं खरं.”

बाई गेल्या. धाकट्याने हात धुतले. “चल, नदी दाखवतो तुला.”

पायवाट बोरूच्या बेटांमधून नदीच्या कडेकडेने जात होती. जागोजागी पक्ष्यांची माहिती देणाऱ्या पाट्या होत्या. मी प्रत्येक पाटीपाशी थांबत होतो.

“तू पाट्याच वाच,” धाकटा म्हणाला. “खंड्या समोर बसलाय, तो उडून जाईल तोवर.”

तो खरेच उडून गेला.

थोडे पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, त्याने विचारले, “राग नाही ना आला?”

“कशाचा?”

“रोज सगळे विचारायचे, दादाचं काय आलं, दादाचं काय आलं. किती दिवस नाही म्हणायचं? उगाच तुला नावं ठेवायला लागले असते.”

मी विचारले, “आणि जाणार कुठे होतास?”

“बियाण्याच्या दुकानाच्या वर माळा आहे. राखण करणार असशील तर राहा म्हणाला मालक. वाईट नाही. उंदीर आहेत, पण ओळख होईल.”

“तुझ्या खोलीचं काय करणार हे लोक?”

“जुन्या काळच्या गुराख्याची खोली. माझ्याच खाटेभोवती दोरी बांधणार. पाटीही लागेल. तू ये वाचायला.”

लाकडी पुलावर आम्ही थांबलो. खाली पाणी संथ होते. मी घसा साफ केला. “हे बघ, मागची खोली...” एवढे म्हणतो तोच शाळेची सहल पुलावर आली. आम्ही दोघे कठड्याला चिकटून उभे राहिलो. “शेतकरीकाका, शेतकरीकाका” करीत मुले पुढे गेली, ती त्यालाही बरोबर ओढत घेऊन गेली. नंतर तो मला फाटकापर्यंत सोडायला आला, पण माझा धीर तोवर पुलावरच राहिला होता.

“मी पत्र पाठवतो,” मी म्हणालो.

“आता कशाला?” तो हसला. “सगळ्यांना माहीत आहे त्यात काय आहे ते.”

घरी आलो तो थेट मागच्या खोलीत गेलो. पुस्तके काही ओसरीवर, काही टेबलाखाली, काही स्वयंपाकघराच्या फळीवर डब्यांच्या शेजारी ठेवली. खाट ओढत ओढत खिडकीपाशी नेली. दमलो, पण आधी हे करणे भाग होते. नाहीतर माझेही पत्र त्याने सांगितलेल्या पत्राइतकेच खोटे ठरले असते.

मग लिहायला बसलो. या वेळी शब्दांसाठी अडलो नाही, ते त्यानेच तयार ठेवले होते. मागच्या खोलीतली पुस्तके हलवली आहेत. खाट उजेडाला लावली आहे. खुशाल येऊन राहा. मनाने रचलेल्या उत्तरातही त्याने स्वतःसाठी काही दिवसच मागितले होते. ते दोन शब्द तेवढे मी लिहिले नाहीत.

पत्ता उद्यानाच्या कचेरीचा घातला. बाईंना वाटेल, दादाचे आणखी एक आले. मग चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकून आलो.