पाच चाचणी-प्रती

रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याकडून पाच चाचणी-प्रती आल्या होत्या, कोऱ्या पांढऱ्या लेबलांच्या. बँडने त्या ऐकून मंजुरी दिली की तीनशे रेकॉर्डी छापल्या जाणार होत्या. मुदत आज संध्याकाळी सहाची.

ऐकायचं काम अपूर्वाकडे आलं. ती बँडमध्ये बेस गिटार वाजवायची आणि एम.एस्सी. फिजिक्स होती, म्हणून. खरखर एकाच प्रतीत असेल तर ती धूळ, पाचही प्रतींत एकाच जागी असेल तर साच्याचा दोष, असं कारखान्याने कळवलं होतं. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात बँडचा गायक दिग्विजय ‘नको’ म्हणून ओरडतो. त्यातल्या चौथ्या ‘नको’ला पाचही प्रतींत आवाज चिरकत होता.

“साचा नवीन करावा लागणार. म्हणजे चार महिने गेले,” बँडमधला शौनक म्हणाला. ते ऐकत बसले होते ती नारायण पेठेतली खोली त्याची.

तक्रार लिहिण्याआधी तिने कॉम्प्युटरवरची मूळ फाइल लावली. तिथेही तेच.

रेकॉर्डिंग मे महिन्यातलं. ऑगस्टमध्ये दिग्विजयच्या घशाचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली आणि आवाज गेला. दुसरा टेक शिल्लक नव्हता. एक टेक ठेवायचा, बाकीचे त्याच दिवशी पुसायचे, घासूनपुसून गुळगुळीत करायचा मोह नको, हा बँडचा रिवाज दिग्विजयनेच घातलेला. ठेवायचा टेक मात्र अपूर्वाने निवडला होता. काय फाटलाय आवाज, हाच ठेवू, असं ती म्हणाली होती आणि सगळे हसले होते.

साडेचारला दिग्विजय कोथरूडहून आला, खिशात वही-पेन्सिल घेऊन. साच्यावर ढकलून अपूर्वाला मोकळं होता आलं असतं.

“दिग्या, दोष साच्यात नाहीये,” ती म्हणाली. “तुझा घसा आहे तो. आणि मला तेव्हा तो आवडला होता.”

आता रडू येईल, म्हणून ती थांबली. आलं नाही. पंखा फिरत होता.

त्याने लिहून वही पुढे सरकवली. ‘माहीत होतं. एप्रिलपासून दुखत होतं. आधी डॉक्टरकडे गेलो असतो तर रेकॉर्ड करायचीच राहिली असती.’

शौनकने वाचलं. “मूर्ख आहेस तू,” तो हळूच म्हणाला.

दिग्विजयने मान डोलावली, वही परत ओढून खाली दोनच शब्द लिहिले. ‘मंजूर कर.’

अपूर्वाने कारखान्याचा फॉर्म उघडला. ‘छपाईत दोष आढळला का?’ तिने ‘नाही’वर खूण केली. उत्तर बरोबर होतं. तिने ते पाठवून दिलं.