गाडी मावली, काकू राहिल्या

मित्रांनो, मी फुटपाथवरची एक जुनी पिवळी रेघ आहे. चार कोपरे वळून मी पुन्हा स्वतःलाच येऊन मिळते. तुम्ही रोज माझ्यावरून चालता. आज जरा थांबा आणि माझे ऐका.

रंगाच्या डब्यात होते तेव्हा मला वाटायचे, आपण एखाद्या शाळेची भिंत होणार. नशिबात फुटपाथ निघाला. त्या काळी या रस्त्यावर खाण्याच्या गाड्या जागा दिसेल तिथे उभ्या राहत. चालणाऱ्यांना वाट उरत नसे. पालिकेचा ट्रक कोपऱ्यावर दिसला की सगळ्या गाड्या पळत सुटत, उकळत्या पातेल्यांसकट. अशाच एका पळापळीत कढत सूप एका म्हाताऱ्या बाईंच्या पायावर सांडले. मग पालिकेने नियम केला. ज्याच्याकडे परवाना, त्याला रेघ. धंदा रेघेच्या आत करायचा. आत असलेल्याला ट्रक हात लावणार नाही.

माझ्या जागी ऑम्लेट आणि सूप विकणाऱ्या काकूंची गाडी होती. रंगारी टेप घेऊन आला. त्याने गाडी मोजली आणि विचारले, "तुमच्यासाठी किती धरू, काकू?"

"मला कशाला मोजता? मी काय, कुठंही उभी राहीन. गाडी नीट मावू दे म्हणजे झालं."

रंगाऱ्याने मान डोलावली आणि मला गाडीच्या अंगाबरोबर ओढले. लांब उभ्या राहून काकू म्हणाल्या, "छान दिसतेय हो." माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

चूक कळायला एक दिवससुद्धा लागला नाही. गाडी माझ्या आत होती आणि काकू बाहेर. त्यांच्या टाचा फुटपाथच्या काठावर, पाठीमागे रस्ता. स्कूटर त्यांच्या पाठीला घासून जात. दर वेळी त्यांना आत ओढून घ्यावेसे वाटायचे, पण रेघेला हात नसतात.

काही दिवसांनी पालिकेचे साहेब तपासणीला आले.

"काकू, गाडी आत आहे. तुम्ही बाहेर आहात."

"ऑम्लेट आत आहे ना, साहेब? गिऱ्हाईक ते खातं, मला नाही खात."

शेजारचा सरबतवाला हसला. साहेबही हसले, पण जागचे हलले नाहीत. "धंदा म्हणजे गाडी आणि माणूस दोन्ही. मागून धक्का लागला तर तुम्ही तव्यावर पडाल आणि तवा गिऱ्हाइकावर. पुढच्या खेपेला बाहेर दिसलात तर परवाना रद्द करावा लागेल."

"मग रेघ जरा पुढं सरकवा की."

"पुढं चालणाऱ्यांची वाट आहे. ती माझी नाही, तुम्हाला द्यायला."

काकांचे गुडघे गेल्यापासून घर या एका गाडीवर चालत होते. काकूंनी सरबतवाल्याकडे वीतभर जागा मागून पाहिली. तो म्हणाला, "दिली असती हो. पण मग बर्फाची पेटी काय डोक्यावर घेऊ?" त्याचेही खरे होते. दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. त्याला तर विचारायचीही सोय नव्हती.

शेवटी काकूंनी दिराला बोलावले. तो सुतार, गाडी त्यानेच बनवलेली.

"वहिनी, धडधाकट गाडी कापायची? लोक रेघा पुसतात, गाड्या नाही कापत."

"रेघ पालिकेची, भाऊजी. गाडी आपली. जे आपलं, त्यावरच करवत चालते."

तो तोंड पाडून कामाला लागला. भुसा माझ्यावर पडत राहिला. सूपची शेगडी ठेवायची फळी निघाली, आणि तेवढ्या जागेत काकू मावल्या. सूप बंद झाले. सूपसाठी येणारे चार दिवस कुरकुरले आणि मग दुसरीकडे जाऊ लागले. कितीतरी दिवस काकूंचा हात सवयीने पातेल्याच्या जागेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

साहेब पुन्हा आले. त्यांनी काकूंची पावले पाहिली. "आता बरोबर आहे."

"बरोबर आहे, साहेब. फक्त सूप गेलं."

 पुढे समोरच्या फुटपाथवर रेघा ओढायची वेळ आली, तेव्हा साहेब स्वतः रंगाऱ्याबरोबर आले. रंगारी प्रत्येकाला सांगत होता, "आधी गाडीमागं उभे राहा. हात हलवून काम करून दाखवा. मग टेप लावतो."

एक कणीसवाला म्हणाला, "माझं काय हो, मी कुठंही उभा राहीन."

"असंच एक काकू म्हणाल्या होत्या," रंगारी म्हणाला. "त्यांचं सूप गेलं."

कणीसवाला मुकाट्याने गाडीमागे जाऊन उभा राहिला.

आता माझा रंग उडत चालला आहे. कोणी माझ्यावर मोटारसायकल लावते, कोणी चूळ टाकते. मित्रांनो, तसे करू नका. माझ्या आत कोणाचे तरी घर चालते आणि माझ्या बाहेर तुमची वाट असते. आणखी एक सांगते. उद्या तुमच्या हाती रेघ ओढायचे काम आले, तर ज्याच्यासाठी ओढायची त्याला आधी आत उभे करा. आणि कोणी तुमच्यासाठी टेप घेऊन आले, तर 'मला कशाला मोजता' असे म्हणू नका. सरळ उभे राहा आणि मोजू द्या.