मोठी माय बसली नव्हती

माझ्या थोरल्या काकूला, सोजराबाईला, आम्ही सगळे मोठी माय म्हणतो. पंच्याण्णवच्या विधानसभेला ती अपक्ष उभी होती. चिन्ह होतं शिलाई मशीन. त्याआधी सहा वर्षं तिनं जानेफळच्या बाजूला बावीस भूमिहीन कुटुंबांची गायरानातली वहिती टिकवून धरली होती, दोनदा अटक झाली होती. निवडणुकीत तिला अकरा हजार चारशे बारा मतं पडली आणि ती हरली.

मी डोणगावला शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीआधी मेहकरला आमची एक कार्यशाळा झाली. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात नोंदी कशा लिहायच्या ते शिकवायला तिथलेच देवानंद सर आले होते. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, आणि पंच्याण्णवला मोठ्या मायचे प्रचारप्रमुख. ते म्हणाले, "आपल्या भागातली माणसं आपण नाही लिहिली तर कोण लिहिणार?"

मी सुट्टीत मोठ्या मायवर नोंद लिहिली. चौथ्या दिवशी नोंदीवर पट्टी लागली: हा लेख वगळावा का? खाली चर्चा सुरू झाली होती. एकानं लिहिलं होतं, "पडलेले उमेदवार हजारो असतात. प्रत्येकाची नोंद ठेवायची तर मतदारयादीच छापा." दुसऱ्या एका बाईंचं म्हणणं होतं की निवडणूक सोडा, गायरानाचं काम पाहा. आणि तिसरं मत देवानंद सरांचं, स्वतःच्या नावानिशी: "मी याच भागातला आहे. या बाईंबद्दल स्वतंत्र छापील संदर्भ उपलब्ध नाहीत. लेख वगळावा."

सर नियमाला पक्के आहेत, असं मी स्वतःला समजावलं. मोठ्या मायला वाचून दाखवलं तर ती हसलीच.

"संदर्भ नाई कसे? सारी कात्रणं त्याच्याचपाशी हायत. इलेक्शन झाल्यावर फाइल त्यानंच नेली, जपून ठेवतो म्हणे."

मी सरांना फोन केला. "अगं, ती फाइल वाळवीनं खाल्ली. किती वर्षं झाली," ते म्हणाले आणि मुलीच्या बाळंतपणाचं सांगू लागले.

मग मी एका रविवारी बुलढाण्याला गेले. एका जुन्या वाचनालयात अकोल्याच्या दैनिकाचे अंक बांधून ठेवलेले आहेत. पंच्याण्णवचा फेब्रुवारी काढायला तासभर गेला. मतदानाच्या आदल्या दिवशीच्या अंकात, तिसऱ्या पानावर बातमी होती: सोजराबाईंची माघार, वामनरावांना पाठिंबा. आणि खाली, "असे त्यांचे प्रचारप्रमुख देवानंद यांनी स्वतःच्या सहीच्या पत्रकाद्वारे कळविले आहे."

वामनराव म्हणजे तेव्हा जिंकलेले उमेदवार. सरांच्या कॉलेजचेही तेच अध्यक्ष. त्या निवडणुकीनंतर सर तिथंच लागले आणि निवृत्तीपर्यंत शिकवत राहिले.

मोठी माय बसली, म्हणजे ऐनवेळी उमेदवारी सोडली, ही आवई त्या दिवशी उठली होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मतदानाच्या सकाळी ती जीपच्या टपाला धरून गावोगाव ओरडत फिरली होती, "मी बसली नाई, मी उभी हाय!" पण ते काम वामनरावांच्या माणसांचं, असंच ती आजवर धरून चालली होती.

मी फोनमधला फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा लावला, नाव दोनदा वाचलं. मग म्हणाली, "चाल मेहकरले."

सर अंगणात पेपर वाचत बसले होते. "जयभीम ताई, या या," म्हणत उठले. मोठी माय बसली नाही.

"देवानंद, ते पत्रक तू काढलं होतं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोटो दाखवला.

"ताई, तेव्हा माझ्या हाताला काम नव्हतं. त्यांनी सांगितलं, जूनमध्ये कॉलेजात नोकरीची ऑर्डर देतो." मग आवाज जरा चढवून म्हणाले, "आणि तुम्ही निवडून येणारच नव्हत्या."

"हे मले माहीत नव्हतं काय? मी निवडून याले उभी राह्यली होती काय बे?" मोठी माय म्हणाली. "तू म्हणला असता, ताई मले नोकरी लागून राह्यली, तर म्या स्वतः जाऊन माघारीवर सही देल्ली असती. माझ्या मांगं काऊन केलं?"

सर हातातल्या पेपरची घडी घालू लागले.

मी म्हणाले, "सर, आता तरी लिहून द्या, की ते पत्रक खोटं होतं."

"मी लिहून काय होणार, वैष्णवी? तो संदर्भ धरत नाहीत. छापील लागतं," ते म्हणाले. नियम बरोबरच सांगत होते.

आम्ही परत आलो. चर्चेत, गायरानाचं काम पाहा म्हणणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं, "त्या काळातली एक जरी बातमी मिळाली तरी लेख राहील." बातमी माझ्या फोनमध्येच होती. मी मोठ्या मायला विचारलं, टाकू का?

"मंग त्यात काय येईन?"

"मतदानाच्या आदल्या दिवशी तू माघार घेतली, असं."

"अन नाई घेतली, हे?"

"त्याला कागद नाही."

ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. "पडली लिहिलं तर मले लाज नाई. पडलीच होती. पण बसली नाई मी. पुसून टाक सारं."

मी चर्चेत लिहिलं की लेख वगळायला माझी हरकत नाही. दोन दिवसांत तो गेला.

त्यानंतर मोठी माय गायरानातल्या घरोघर जाऊन खरं काय झालं ते सांगू लागली. पहिल्या दिवशी मी सोबत होते. सुभद्राबाई तिच्यासोबत अटकेत होती, म्हणून आधी तिच्याकडे गेलो. तिनं चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं.

"देवानंदनंच सांगतलं होतं आमाले, घरी येऊन," सुभद्राबाई म्हणाली. "ताई बसली, आता मत वामनरावले द्या म्हणे. तुह्याच नावानं आला होता, मंग आमी तसंच केलं. पुऱ्या गल्लीनं."

"तू मले कधी बोलली नाई."

"तुले माहीतच असन वाटलं, बाई. मले तर तुहाच राग आला होता. इतके वर्सं."

मोठ्या मायनं चहाचा कप खाली ठेवला. "मंग आपल्याच माणसायचे नाई, तर ते अकरा हजार मतं कोणाचे होते?" तिनं मला विचारलं.