बकुळाची झुकिनी आणि विमलावैनीचा डबा

पावस गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या उताराला जी वाडी आहे, तिथे शेजारच्या घरचं भांडं रिकामं परत जात नाही. भाजी आली की भांडं धुवायचं, पुसायचं आणि त्यात काहीतरी घालून धाडायचं. कुळथाचं पीठ, मूठभर कोकमाची सोलं, उकडलेलं रताळं, आणि घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. साखरेची चिमूट म्हणजे रीत सांभाळली, पण मन नाही. ती कुणाला कधी मिळाली, हे वाडीतल्या बायका नवऱ्याच्या पगारापेक्षा नीट लक्षात ठेवतात.

बकुळा त्यात सगळ्यांच्या पुढे. कुठलं पातेलं कुणाकडे आहे, त्यातून काय गेलं, बदल्यात काय आलं आणि आलेलं गेलेल्याच्या तोलाचं होतं का, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. तोंडाने ती कधी काही बोलली नाही. बोलावं लागत नाही. पुढच्या खेपेला डबा जरा कमी भरला की समोरच्या घराला कळतं.

त्या वर्षी मात्र तिचा हिशेब बिघडला, आणि तो झुकिनीने बिघडवला.

झुकिनी, म्हणजे काकडीसारखी दिसणारी ती विलायती भाजी, आणली रूपेशने. रूपेश तिचा एकुलता मुलगा. मुंबईत कुरियर कंपनीत वर्षं काढून दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. भात कापून झालेल्या मळ्यात दरवर्षी पावटा आणि कुळीथ पडायचा, तिथे त्याने ठिबकच्या नळ्या अंथरल्या आणि झुकिनी लावली. समुद्राकडच्या एका हॉटेलाने माल घेऊ म्हणून सांगितलं होतं. घेतही होते, पण वीतभर लांब, कोवळी आणि सरळ तेवढीच. झुकिनीला ही अट कुणी कळवली नव्हती. पानाआड बोटाएवढी दिसलेली झुकिनी तोडायची राहिली, की दोन-चार दिवसांनी तिथे मुसळ सापडायचं. हॉटेलाने नाकारलेली सगळी मुसळं पडवीत येऊन पडायची.

काशीराम, म्हणजे बकुळाचा नवरा, रोज त्या टोपल्यांना वळसा घालून बाहेर जायचा. आयुष्यभर हापूसच्या बागांची राखण केलेला माणूस. शेवटी एका सकाळी तो टोपलीपाशी थांबला.

"हॉटेलवाला आज घेतो, उद्या नको म्हणतो. पावटा खपला नाय तर आपण खातो. ही कोण खातो?"

"खातील की, बाबा," रूपेश म्हणाला.

"कोण? नाव सांग."

रूपेशने टोपलीतली एक झुकिनी उचलली आणि परत ठेवली.

"आपली वाडी जे खात नाय ता पीक नव्हे, तो नाद," काशीराम म्हणाला. "ऐक. शिमग्याला पालखी आपल्या अंगणात यायच्या आत वाडीतल्या एका तरी घराने ही आपल्या तोंडाने मागितली पायजे. तुम्ही दिलीत नि त्यांनी घेतली, ता चालायचा नाय. दिलेलं कोण नाय म्हणतो? मागितली तर मळा तुझा. नाय तर सूरज गाडी घेऊन येतोय, त्याच्या शेजारी बस नि जा परत."

सूरज हा काशीरामचा पुतण्या, त्याच कुरियर कंपनीत. रूपेशची जागा अजून भरली नाही, हे तो फोनवर दर आठवड्याला सांगत असे.

"बरं," रूपेश म्हणाला. दोघांनाही सौदा रास्त वाटला.

बकुळाला कुणी विचारलं नाही. इतकी वर्षं तिचा मुलगा गणपतीला आणि शिमग्याला पाहुण्यासारखा यायचा. आता दुपारी भात वाढून हाक मारली की मळ्यातून "आलो गो आये" असं उत्तर येत होतं. ते उत्तर टिकवायचं तर वाडीच्या तोंडात झुकिनी घालणं आलं. तिने विळी पुढ्यात ओढली.

पहिली भाजी तिने दुधीसारखी केली. फोडी, मोहरी, हिरवी मिरची, मीठ, वर ताट आणि ताटात पाणी. वाफ काढल्याशिवाय भाजी शिजते हे तिच्या सासूला मान्य नव्हतं, तिच्या आईलाही नव्हतं. ताट उचललं तेव्हा फोडी गेल्या होत्या. पाणी होतं, मिरची होती, आणि हिरव्या साली इकडेतिकडे तरंगत होत्या.

काशीरामने ती निमूट खाल्ली आणि विचारलं, "ताप कुणाला आलाय?"

तरीही भाजी घरोघर गेली. कच्ची झुकिनीही गेली. आणि वाडीतल्या प्रत्येक घरात प्रत्येक बाईने तिच्यावर ताट ठेवलं आणि ताटात पाणी ओतलं. बदल्यात पीठ आलं, सोलं आली, चिंचेचा गोळा आला. आलं नाही ते एवढंच, की "अजून आहे का गो?" असं विचारणारं माणूस.

मग एका दिवशी बकुळाने खोबऱ्याचं वाटण लावून भाजी केली, आणि सकाळीच वाडगाभर विमलावैनीकडे पोचवली. विमला म्हणजे काशीरामच्या चुलतभावाची बायको, समोरच्या घरची, वाडीत तोंडाने पहिली आणि मानाने त्याहून पहिली. दिवेलागणीला पलीकडची मनिषा वाडगा घेऊन दारात आली.

"काकी, जरा भाजी केलीवती. म्हटलं तुम्हाला द्यावी."

बकुळाने झाकण उचललं. खोबऱ्याचं वाटण. कडेला करपलेली लसणीची पाकळी. ती पाकळी सकाळी तिच्याच हातून करपली होती, आणि काढून टाकू म्हणता म्हणता राहिली होती. म्हणजे भाजी इथून विमलावैनीकडे गेली, तिथून मनिषाकडे, आणि कुणाच्याही तोंडाला न लागता, वाडीला फेरी मारून संध्याकाळी घरी आली. जरा दमलेली दिसत होती.

"छान दिसत्येय गो," बकुळा म्हणाली. "वाटण कुणाचं?"

"घरचंच," मनिषा म्हणाली, आणि उभी राहिली, कारण वाडगा तिचा होता.

बकुळाने त्यात कुळथाचं पीठ घातलं. स्वतःच्या भाजीच्या बदल्यात स्वतःचंच पीठ. असा व्यवहार तिच्या हयातीत झाला नव्हता.

झुकिनीचा मार्ग सापडला तो मात्र याच देण्याघेण्यामुळे. बकुळाचं झाकायचं मोठं ताट विमलावैनीकडे अडकलं होतं. त्यावर घालून धाडायला काही नाही म्हणून वैनी ते ठेवून बसली होती. दुसरं मनिषाकडे. तिसरं होतंच कुठे? तेव्हा एका दुपारी बकुळाने लोखंडी कढई तापवली, कांदा परतला, भाजलेला जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, टाकला, वर झुकिनीच्या फोडी टाकल्या, आणि झाकायला काही नाही म्हणून चडफडत नुसतीच परतत राहिली.

"आये, मीठ शेवटी घाल," रूपेश दारातून म्हणाला. "आधी घातलंस की पाणी सुटतं. मोबाइलवर बघितलं मी."

"मोबाइलला म्हणावं ताट पाठव."

पण मीठ तिने शेवटीच घातलं. भाजी कोरडी झाली, फोडी फोडींसारख्या राहिल्या, दाताखाली जरा करकरल्या. काशीरामने दोनदा भात घेतला आणि ताट बोटाने पुसलं. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याच्या ध्यानात आलं.

"मी मागितली नाय," तो म्हणाला. "नि मी वाडी नव्हे."

तिथून बकुळाचा हात बसला. कोवळ्या झुकिनीच्या गोल चकत्या, मसाला आणि तांदळाचं पीठ लावून तव्यावर कापं; सुरमई नसलेल्या दिवशी भाताबरोबर खपतात. मधल्या किसून, मीठ लावून, घट्ट पिळून, त्या पिळलेल्या पाण्यातच थालीपिठाचं पीठ भिजवायचं. वेगळं पाणी घातलं की बिघडलं. आणि मुसळं? मुसळांवर ती बरेच दिवस नुसती हात फिरवत बसली. साल काढायची, आतलं बी काढायचं, मग उरतं ते पांढरं, पाण्याने भरलेलं. ते बघून तिला तवसं आठवलं. पावसाळ्यातली ती मोठी काकडी संपली की तिचं धोंडस, निखाऱ्यांवर भाजलेलं ते गुळाचं गोड, पुढच्या श्रावणापर्यंत कुणाला मिळत नाही.

तिने किसलं. तांदळाचा रवा तुपावर भाजला, गूळ आणि ओलं खोबरं घातलं, झुकिनीचा कीस त्याच्या पाण्यासकट घातला, वेलची जरा सढळ, कारण तवशाचा वास झुकिनीला नाही, हे कबूल करायला हवं. मग जाड बुडाचा टोप मंद चुलीवर, वर झाकण, झाकणावर निखारे. इथे झाकण चालतं. विमलावैनीचं जुनं पितळी झाकण घरात राहिलं होतं; कढईला ते पुरत नव्हतं, टोपाला बसलं.

धोंडस उतरलं तेव्हा वास रस्त्यापर्यंत गेला. आणि बकुळाने ते कुणालाही दिलं नाही.

हेच तिचं सगळं डोकं. इतके दिवस देऊन काही झालं नव्हतं. दिलेल्याची किंमत मनिषाच्या वाडग्यात तिने बघितली होती. आता तिने देणंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी विमलावैनीकडून वाटीभर पोह्यांचा चिवडा आला. बकुळाने वाटी धुतली, पुसली, आणि चिमूटभर साखर घालून परत केली. घरात तेव्हा दुसरं धोंडस चुलीवर होतं.

शिमगा आला तोवर समोरच्या घरातून कुणी चार शब्द बोललं नव्हतं. रूपेशने बॅग भरून पडवीत ठेवली. बकुळाने तिच्याकडे बघितलं नाही. टोप निखाऱ्यांवर ठेवला आणि पडवीची खिडकी उघडली.

सूरज पहाटेच पोचला होता. त्याने धोंडसाचा तुकडा खाल्ला आणि हात पुढे केला. "काकी, अजून दे की."

रूपेशने बापाकडे बघितलं.

"तो मुंबईचा," काशीराम म्हणाला. "चालायचा नाय."

पालखी खालच्या घरांतून वर येत होती. विमलावैनीच्या अंगणातून ती मनिषाच्या अंगणात गेली. ढोल आता इतका जवळ होता की पडवीतली भांडी थरथरत होती. यानंतर यांचंच घर. बकुळाने ओटीचं ताट, नारळ, तांदूळ मांडून ठेवले आणि दाराशी उभी राहिली. रूपेश अंगण झाडत होता. झाडून झालेलं अंगण परत झाडत होता.

तेव्हा विमलावैनी रस्ता ओलांडून आली. नवी साडी, केसांत अबोली, चेहरा भांडायचा.

"बकुळे, मी काय वाईट केलं तुझं?"

"काय झालं, वैनी?"

"काय झालं म्हणून मलाच विचारत्येस? रोज वास येतो. रोज! आमच्या घरात पाहुणे आल्येत, विचारतायत, शिमग्यात धोंडस कोण करतं? मी काय सांगू? नि मला धाडलंस काय, तर साखर? माझ्या वाटीत?"

"धोंडस तवशाचं नाय हो. त्या झुकिनीचं. तुम्हाला ती आवडत नाय म्हणून—"

"कोण म्हणालं आवडत नाय?"

"भाजी फिरून माझ्याकडे आली, वैनी. लसणीसकट."

विमलावैनीने एक क्षण रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ती भाजी होती. ता वेगळं. दे गो मला त्या झुकिनीचं धोंडस. पाहुणे थांबल्येत."

ढोल थांबला. मनिषाच्या अंगणात आरती सुरू झाली. काशीराम पडवीच्या पायरीवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"हे मागणं नव्हे," तो म्हणाला. "हा राग हाय. साखर दिलीस म्हणून आली. चव बघून आली नाय."

"रागच हाय!" विमलावैनी म्हणाली. तिला सौद्याचं काही ठाऊक नव्हतं. पण राग नाही म्हणायला ती तयार नव्हती.

रूपेशचा झाडू थांबला. बकुळा नवऱ्याजवळ गेली आणि शांतपणे म्हणाली, "अवो, जरा हातात काय हाय ता बघा तिच्या."

काशीरामने बघितलं. विमलावैनीच्या काखेत डबा होता. नुसता डबा नव्हे, तिच्या धाकट्याच्या लग्नात लाडू भरलेला, कडीवाला, दोन्ही हातांनी उचलायचा.

"रागाने भांडायला आलेली बाई रिकाम्या हाताने येते," बकुळा म्हणाली. "एवढा डबा घेऊन कोण भांडायला येतं?"

विमलावैनीने डबा पदराआड घ्यायचा प्रयत्न केला. तो मावला नाही.

काशीराम डब्याकडे बघत राहिला. राखणीला बसलेला माणूस झाडावरच्या आंब्याकडे बघतो तसा: किती आहे, खरा आहे का. आरती संपत आली होती.

"भर तिचा डबा," तो म्हणाला. आणि रूपेशकडे न बघता, "ती बॅग आत ने. देव येतोय, वाटेत कशाला ठेवलीस?"

पालखी आली तेव्हा तिला खांदा देताना रूपेशच्या खांद्याला गुलाल लागला आणि बकुळाने ओटी भरली. देवाजवळ तिने काही मागितलं नाही. मागायचं होतं ते विमलावैनीने मागून झालं होतं. सूरज दुसऱ्या दिवशी निघाला. शेजारची सीट रिकामी, पण मागे दोन मुसळं आणि टोपातलं उरलेलं धोंडस. मळ्याच्या बांधावर एक ओळ पावट्याची लागेल, असं काशीरामने जाहीर केलं, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

त्याच संध्याकाळी विमलावैनीकडून बकुळाचं झाकायचं मोठं ताट परत आलं. घासून लख्ख, आणि मधोमध चिमूटभर साखर.

बकुळाने ती काशीरामच्या चहात टाकली. ताट खुंटीला लावलं. कढईत झुकिनी चरचरत होती. तिच्यावर काही तिने ते ठेवलं नाही.