धक्क्यावरचं वळण

तळ्यावर वीस वर्षं बोट चालवणाऱ्या नावाड्याने हजारो पाहुण्यांना पलीकडचं बेट दाखवलं होतं. फक्त त्याची बायको तेवढी राहिली होती. नऊ वर्षांपूर्वी आजारपणात तिच्या पायांतलं बळ गेलं, आणि धक्क्याला अकरा पायऱ्या. "मी उचलून नेतो की तुला," तो म्हणायचा. "मी काय गाठोडं आहे?" ती म्हणायची. "माझ्या चाकांच्या खुर्चीतून येईन, नाहीतर नाही येणार."

मग नावाड्याने उताराच्या रस्त्यासाठी पर्यटन कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. दोन वर्षं अर्जांमागून अर्ज. शेवटी एकदाचा इंजिनिअर आला. जागा अपुरी, म्हणून उताराला मधे वळण द्यावं लागणार होतं. त्याने विचारलं, "खुर्ची वळायला किती जागा लागते हो?"

"वळते हो कुठेही!" नावाड्याला कोण घाई झालेली. "आमची ही तर घरभर भिरभिरते."

इंजिनिअरने तेवढ्यावर आकडा लिहून टाकला.

उतार बांधून झाला त्या रविवारी ती सकाळपासून तयार होऊन बसली होती. धाकट्या बहिणीला फोनवर सांगत होती, "आज आमच्या ह्यांच्या बोटीत बसणार गं मी!" धक्क्यावर गर्दी होती. ती स्वतः चाकं फिरवत उतरली आणि वळणावर अडकली. पुढे कठडा, मागे कठडा. ती इकडे सरकली, तिकडे सरकली. मागे रांग तुंबली.

"उचला हो, उचला!" कुणीतरी म्हणालं. माणसं चांगलीच होती. चौघांनी खुर्चीला हात घातले, त्यातला एक हात नावाड्याचा.

"थांबा... खाली ठेवा मला," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून, "अहो, खाली ठेवायला सांगा ना!"

"झालंच गं. एक मिनिट."

तिची चप्पल पाण्यात पडली. कुणी हसलं, कुणी काठीने ती काढून दिली. खुर्ची बोटीत ठेवली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेटाला वळसा घालून परत येईपर्यंत ती मांडीवरच्या ओल्या चपलेकडे बघत होती. तो एकेक जागा दाखवत राहिला. बोलणं थांबवायची त्याची छाती झाली नाही.

घरी आल्यावर ती नेहमीसारखी कामाला लागली. नावाडी दारात बसून बघत राहिला. ओट्यापासून फडताळाकडे वळायला ती खुर्ची मागे घ्यायची, थोडी फिरवायची, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चार वेळा. डबा काढून परत वळायला आणखी चार वेळा. खुर्चीच्या पाठीने भिंतीचा रंग खरवडून काढला होता. नऊ वर्षं त्याच घरात तो जेवत होता, झोपत होता, आणि हे त्याच्या डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात नेहमीच्या बाकावर उन्हात बसली असताना तो तिची रिकामी खुर्ची घेऊन कचेरीत गेला. इंजिनिअरसमोर ती फरशीवर फिरवून खडूने गोल आखला. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "न बघता बोललो." इंजिनिअरने टेप काढून तो गोल मोजला. तीन महिन्यांनी कठडा फोडून वळण रुंद केलं.

पहिल्याच आठवड्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांनी आपली खुर्ची एका दमात वळवली, थेट बोटीत आल्या आणि म्हणाल्या, "चला की! कशाची वाट बघताय?" नावाड्याला इंजिन सुरू करायलाच सुचेना.

घरी येऊन त्याने भीतभीत विषय काढला. "आता खुर्ची सहज वळते. येतेस? गर्दी नसेल तेव्हा."

"मी बघून आले की तळं."

"कुठलं बघितलंस? मान तरी वर केलीस का?"

तिने हातातलं काम खाली ठेवलं. आवाज अजिबात चढला नाही. "म्हणजे ते दिसलं होतं तुम्हाला."

चुकलं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण कचेरीत सहज आलेला शब्द इथे आला नाही.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

आता धक्क्यावर रोज दोन-चार खुर्च्या येतात. लांबलांबून लोक चौकशी करतात, नावाड्याचं नाव काढतात. तो हात लावण्याआधी प्रत्येकाला विचारतो, "मदत हवी का?" आणि उत्तर येईपर्यंत हात मागे बांधून उभा राहतो. ती मात्र तळ्याकडे पुन्हा कधी आली नाही.